तळाला बसलेली साखरेची वाळू

मेपल सिरप म्हणजे आपल्या काकवीचीच अमेरिकेतली मावसबहीण, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. रंग तोच, चिकटपणा तोच, आणि साडीवर सांडलं की डागही तसाच. लेक लहान असताना शनिवारी सकाळी पॅनकेक मागायची. मग मी दुकानातून स्वस्तातली बाटली आणायची आणि ती उलटी करून, बुडावर थापट्या मारून शेवटचा थेंब काढायची. बाटलीच्या तळाशी काही साठत असेल असं कधी मनातही आलं नाही. साठायला ते खरं सिरप तरी कुठं होतं म्हणा! साखरेचं रंगीत पाणी ते. पण हे मला कळलं फार उशिरा, लेकीनं लग्न करून थेट मेपलच्या रानातच घर केलं तेव्हा.

म्हणजे घर तिचं इथंच, आमच्यापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर, न्यू जर्सीतच आहे. पण जावई व्हर्मांटचा. त्याच्या आईवडिलांच्या घरामागे टेकडीभर मेपलची झाडं, आणि टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराची एक खोली. शुगरहाउस म्हणतात तिला. थंडी सरत आलेली असते, रात्री गोठतंय नि दिवसा वितळतंय, अशा दिवसांत झाडाला भोक पाडून रस काढायचा आणि त्या खोलीत लांबलचक कढईत आटवत बसायचा. लग्न ठरल्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो ते नेमके त्याच दिवसांत. दार उघडलं आणि गोड वाफेचा असा लोट अंगावर आला की मला एकदम माहेरच्या गावचं गुऱ्हाळच आठवलं. आमचे हे चष्मा पुसत उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, हे तर आपल्यातलंच निघालं!"

तिथं कामाची वाटणी पक्की होती. कढईपाशी व्याही, गाळणीपाशी विहीणबाई. व्याही उंच, शिडशिडीत, आणि बोलण्यात इतके काटकसरी की "गुड मॉर्निंग"मधलं गुड पुष्कळदा गाळूनच टाकतात. विहीणबाई बुटक्या, गुबगुबीत, आणि बोलायला अगदी माझ्या तोडीच्या. त्यांचं इंग्रजी धावायचं, माझं लंगडायचं, पण आम्ही दोघी एकमेकींचं अर्धं ऐकायचो आणि पुरतं समजायचो.

त्यांच्याकडे जाड लोकरीची एक गाळणी होती, टोपीसारखी निमुळती. त्यांच्या आईकडून आलेली. उकळतं सिरप त्यातून गाळायचं. मग थोडं काचेच्या पेल्यात घेऊन त्या खिडकीशी धरायच्या आणि पेल्यामागे वर्तमानपत्राचा तुकडा. आरपार अक्षर वाचता आलं तर पास, नाहीतर पुन्हा गाळणीत. त्या गाळणीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. धुवायची तीही त्यांनीच, नुसत्या गरम पाण्यात. साबणाचा थेंब नाही, कारण लोकर साबणाचा वास धरून बसते आणि मग सगळं सिरप अंघोळ करून आल्यासारखं लागतं. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी त्यांना सोवळं म्हणजे काय ते सांगितलं. "एक्झॅक्टली!" म्हणाल्या आणि माझ्या हातावर टाळी दिली.

पुढं लेकीला दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा विहीणबाईंनी फोनवर जाहीरच करून टाकलं: बारशाला जो येईल त्याच्या हातात आमच्या झाडांची एकेक बाटली. नव्या हंगामाची. लेक म्हणाली, "मॉम, आमच्याकडे खूप लोक येतात. यू हॅव नो आयडिया." तर म्हणतात कशा, "माझ्याकडे झाडंही खूप आहेत."

आणि मग पानगळीच्या दिवसांत, ना आजार ना काही, एका सकाळी त्या गेल्या. त्याबद्दल इथं फार लिहीत नाही. लिहायला लागले तर पानंच्या पानं जातील, आणि रडकं बोलणं त्यांना मुळीच खपायचं नाही.

बाळ झालं ऐन थंडीत. मुलगी. आता बारसं म्हणजे खरं तर बाराव्या दिवशी. पण इथं हॉल मिळायचा, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळायच्या, लांबच्यांची तिकिटं स्वस्त व्हायची, म्हणजे तोवर बाळ मान धरून पाहुण्यांना ओळखायला लागतं. आमचं ठरलं मे महिन्यातल्या एका शनिवारी. जावई एकुलता एक, म्हणजे बाळाला सख्खी आत्या नाही. कानात नाव सांगायला कोण? तर लेकीची आत्या, म्हणजे माझी नणंद, टेक्सासहून, फ्रिस्कोहून यायची होती. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. मी एकटीच खरं तर, पण आता माझं ऐकून लेकही म्हणते, जावईही म्हणतो.

व्याही गुरुवारी दुपारी आले. मागं क्रेट रचलेला त्यांचा तो जुना पिकअप ट्रक आमच्या ड्राइव्हवेत इतक्या सावकाश शिरला, की मला वाटलं इंजिन बंद पडलंय आणि कुणीतरी मागून ढकलतंय. सबंध रस्ता म्हणे ते उजव्या लेनमधून तसेच आले. मागचे हॉर्न मारत होते, एकानं तर हातवारेही केले.

"का हो एवढं हळू?" मी विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीत, पण मी आपली मराठीतच सांगते.

"बाटल्या आहेत," ते म्हणाले.

जुन्या टॉवेलांत गुंडाळलेल्या बाटल्या त्यांनी एकेक करून आत आणल्या आणि जेवणाच्या मोठ्या टेबलावर, खिडकीपाशी, रांगेनं उभ्या केल्या. लहान लहान, सुबक, बोटात धरायला कानासारखी कडी असलेल्या. वरून ऊन आलं आणि टेबलभर मधाच्या रंगाचे दिवे लागले जणू. मी म्हटलं, "किती सुंदर!"

"आजी," ते म्हणाले. बाळ झाल्यापासून ते मला आजीच म्हणतात. "जवळून बघा."

मी चष्मा लावला. प्रत्येक बाटलीच्या तळाशी बोटभर साका होता. राखाडी, पिवळट, पिठासारखा बारीक.

"शुगर सँड," ते म्हणाले. साखरेची वाळू. रस आटतो तसे झाडातलेच क्षार त्यातून वेगळे होतात. कचरा नव्हे, माती नव्हे, झाडाचंच. खाल्लं तर काही होत नाही, दाताखाली जरा किरकिरतं एवढंच. आमच्या ह्यांनी लगेच फोन काढला आणि तेच सगळं पुन्हा वाचून दाखवलं. मग म्हणाले, "एकदा उकळून परत गाळलं तर?" ह्यांना निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्ट पुन्हा करून बघायची असते.

"उकळलं की आणखी येते," व्याही म्हणाले.

मग खुर्चीत बसून, आमच्याकडे न बघता, ते इतकी वाक्यं सलग बोलले की मी हातातलं काम ठेवून दिलं. या हंगामात ते एकटेच होते. गाळणं जमलं नाही. बाटल्या भरल्या तेव्हा स्वच्छ दिसत होत्या, पण फडताळात उभ्या राहिल्या आणि वाळू खाली बसत गेली. तिनं असली बाटली दाराबाहेर जाऊ दिली नसती. पण शब्द तिचा होता, म्हणून आणल्या. निदान न हलता उभ्या राहिल्या तर वरचं तरी स्वच्छ दिसेल. आणि हे शेवटचंच. कढई ते शेजाऱ्याला देऊन टाकणार आहेत. शेजारी पुढच्या आठवड्यात न्यायला येतोय.

"टेकडी तशीच ठेवणार?" ह्यांनी विचारलं.

"झाडं काही बोलावत नाहीत कुणाला," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मला फार वाईट वाटलं. कढईचं नव्हे. पण त्या गुऱ्हाळातली ती वाफ, तो पेला, तो वर्तमानपत्राचा तुकडा, हे सगळं एका माणसाला नीट गाळता आलं नाही म्हणून बंद पडणार? आणि त्या बाईंची नात मोठी होऊन विचारेल तेव्हा आम्ही काय दाखवणार, दुकानातली बाटली? पण दुसऱ्याच्या दुःखात किती नाक खुपसायचं हेही कळायला हवं. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काय झालं ते आमच्या ह्यांना विचारा. त्यांनी दोनदा माझं कपाळ चाचपून पाहिलं.

वन्सं त्याच संध्याकाळी उशिराच्या विमानानं आल्या आणि आल्या आल्या झोपल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं राहूनच गेलं.

आता वन्संबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही त्यांना उगीच दोष द्याल. माझ्या सासऱ्यांचा गावात दवाखाना होता. गुलाबी मिक्श्चर, पांढरं मिक्श्चर, बाटलीवर डोसाच्या खुणांसाठी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. त्या पट्ट्या कातरायला आणि बाटल्या भरायला घरची मुलगी, म्हणजे वन्सं. आणि दारातून जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला मागून ओरडून सांगायचं कामही त्यांचंच: "हलवून घ्या हो!" सासरे म्हणायचे, साका खाली बसला तर औषध साक्यात आणि पेशंट नुसता पाण्यावर. तेव्हापासून वन्सं काहीही हलवतात. ताक हलवतात, शाम्पू हलवतात, मुलानं आणलेली महागडी वाइन एकदा हलवली होती.

शुक्रवारी सकाळी मी खाली आले तर वन्सं अंघोळ करून, चहा पिऊन, टेबलाजवळ पदर खोचून उभ्या. चेहऱ्यावर समाधान.

"वहिनी, बरं झालं हो मी लवकर उठले. सगळ्या बाटल्यांत औषध खाली बसलं होतं."

"मग?"

"मग काय? हलवल्या. एकूण एक. हात भरून आले माझे."

मी टेबलाकडे पाहिलं. काल जिथं दिवे होते तिथं आज गढूळ चहा होता. रांगेनं, कडीच्या बाटल्यांतून, टेबलभर गढूळ चहा.

"अगंबाई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"का? काय झालं?" वन्सं म्हणाल्या, आणि त्याच वेळी मागच्या दारातून कॉफीचा मग घेऊन व्याही आत आले.

ते थांबले. बाटल्यांकडे पाहिलं. एक उचलून उजेडात धरली, परत जागेवर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "इट्स ओके," आणि मग बाहेर ठेवलेले रिकामे क्रेट आत आणायला लागले.

वन्संना मी मराठीत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, मग चिठ्ठी लावायची नाही का! हलवू नका म्हणून! आमच्या दवाखान्यात लेबल असायचं!"

"वन्सं, हा दवाखाना नाही."

"ते मला आता सांगतेयस?"

सिरप पाण्यासारखं पातळ नसतं. एकदा वाळू वर उठली की खाली बसायला दिवसच्या दिवस लागतात. उद्या बारसं. हे व्याह्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच ते बाटल्यांना टॉवेल गुंडाळत होते. बाटल्या ट्रकमध्ये जाणार, ट्रक व्हर्मांटला जाणार, कढई शेजाऱ्याकडे जाणार. मला ते सगळं एका ओळीत दिसलं.

मी म्हटलं, "अहो, माझं लोणी गॅसवर आहे. मला इथून हलता येत नाही आणि मला तुमच्याशी बोलायचंय. जरा बसा."

लोणी खरंच गॅसवर होतं. दुसऱ्या दिवशीच्या शिऱ्याला तूप हवं होतं. मी क्रीमला विरजण लावून, घुसळून, घरीच लोणी काढते. दुकानातल्या बटरच्या तुपाला तो रवा येत नाही. व्याही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, गुडघे काउंटरला लागलेले. थोडा वेळ आम्ही दोघं लोण्याचा तडतड आवाज ऐकत राहिलो. आटवायचं काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं आटताना बघायला आवडतं. ते हळूहळू पुढं झुकले.

"गाळणीचं काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "बुजली होती. वाळूनं. ती कशी धुवायची ते विसरलो. साबण नाही, एवढं लक्षात होतं. म्हणून साबण न घालता मशीनमध्ये टाकली. गरम पाण्यात." थांबले. "मग ड्रायरमध्ये."

लोकर! ड्रायरमध्ये! मी ओठ घट्ट मिटले. त्यांनी मूठ वर केली आणि म्हणाले, "एवढीशी झाली."

"बाळाच्या टोपड्याएवढी?"

"त्याहून लहान."

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, पण खांदे कुठं ऐकतात? त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला, पण परत जागेवर गेला. "त्यानंतर तिच्या किचन टॉवेलांमधून गाळलं," ते म्हणाले. "त्यांनी कुठं वाळू अडते?"

एवढ्यात तूप झालं. मी ते गाळलं आणि पातेल्याच्या तळाची बेरी खरवडून बशीत काढली. तांबूस, खमंग, ओलसर. आपल्याकडे ज्या घरात तूप कढतं त्या घरात बेरीवरून भांडणं होतात, हे काही तुम्हाला सांगायला नको. पण त्यांना सांगावं लागलं.

"हे काय?"

"हा आमचा गाळ," मी म्हटलं. बेरीवर एरवी साखर घालतात. मी टेबलावरची एक गढूळ बाटली उघडली, चमचाभर सिरप बेरीवर ओतलं आणि बशी त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी चमचा तोंडात घातला. चावले. किरकिर आवाज मलाही ऐकू आला, त्यांच्या वाळूचा. दुसरा चमचा घेतला. तिसरा मला विचारून घेतला. मी उरलेली बशी माझ्याकडे ओढली, कारण माया वेगळी आणि बेरी वेगळी.

"तुमच्याकडे हे टाकत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"टाकतात? पोरं टपून बसतात याच्यासाठी. तूप पाहुण्यांना, बेरी घरच्यांना."

ते विचार करत राहिले. मला वाटलं जमलं. पण माणूस कुठला इतक्या सहज ऐकतोय! ते उठले आणि म्हणाले, "चव चांगली आहे, आजी. पण माझा गाळ लोक चमच्यानं खाणार नाहीत. आणि तिचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. थांबा, दाखवतो तुम्हाला. सिरप कसं असायला हवं ते."

ते ट्रककडे गेले आणि पुढच्या सीटवरून काहीतरी घेऊन आले. लहान बाळाला आणावं तसं दोन्ही हातांत, फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेलं. काउंटरवर ठेवून शर्ट सोडला. आतमध्ये एक बाटली. विहीणबाईंच्या हातची, त्यांनी गाळलेल्या शेवटच्या हंगामातली शेवटची. घरी ती कपाटात तशीच शर्टात गुंडाळून ठेवलेली असायची म्हणे. बाळाच्या जिभेवर थेंब ठेवायला म्हणून ते ती घेऊन आले होते, पण लेकीनं आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, वर्षाची होईपर्यंत गोड काही चाटवायचं नाही, ना मध ना सिरप, आजी आजोबा दोघांनीही ऐका. त्यामुळं बाटली ट्रकमध्येच बसून राहिली होती.

"असं," ते म्हणाले. "असं असायला हवं."

खरंच सुरेख होती. त्या बाईंचा हात लागलेली वस्तू माझ्या काउंटरवर होती.

तेवढ्यात वन्सं आल्या. डोळे पुसून, काहीतरी भरपाई करायची अशा निश्चयानं. मी त्यांना म्हटलं, ही बघा, विहीणबाईंनी गाळलेली. वन्सं म्हणाल्या, "किती स्वच्छ गं!" आणि बाटली हातात घेतली. घेतली ती घेतली, आणि हातानं जुन्या सवयीनं मनगट वळवलं.

"नको!" मी ओरडले. "नो!" व्याही ओरडले. त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

वन्सं दचकून जिथल्या तिथं थिजल्या. बाटली तिरपी, हवेत. आणि आम्ही तिघंही बघत असताना तिच्या तळातून, अगदी सावकाश, धुरासारखा एक लहानसा ढग वर उठला.

व्याह्यांनी वन्संच्या हातातून बाटली घेतली. तिरपी केली, सरळ केली. ढग इकडून तिकडं गेला. फार नव्हता, चिमूटभर. पण होता. कपाटाच्या अंधारात, शर्टाच्या घडीत, तिनंही खाली साका धरला होता.

"इतके दिवस कधी उघडून बघितलीच नाही," ते म्हणाले.

मग त्यांना आठवलं असावं. त्यांनी बाटली खिडकीशी धरली आणि मागं धरायला कागद शोधायला लागले. जवळ काही नव्हतं, म्हणून ते बाटली घेऊन भिंतीवरच्या आमच्या मराठी कॅलेंडरपाशी गेले. एक डोळा मिटून बाटलीतून बघायला लागले. चतुर्थी, एकादशी, खालची बारीक अक्षरं.

"काही वाचता येतंय?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण हे मला बाटलीशिवायही वाचता येत नाही."

आणि हसले. म्हणजे आधी नुसता श्वास सुटला, मग खांदे हलले, मग तो उंच माणूस काउंटरला टेकून इतका हसला की आमचे हे वरून काय झालं विचारायला खाली आले. वन्संना वाटलं आता आपलं काही खरं नाही, पण व्याह्यांनी त्यांचा हात धरून दोन्ही हातांनी हलवला, चांगला घुसळूनच. "शी वुड बी फ्युरियस," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि डोळे पुसत होते. ती भडकली असती! तिनं शेजाऱ्यावर ढकललं असतं, हवेवर ढकललं असतं, काचेवर ढकललं असतं, पण वाळू राहिली असं तिनं मरेपर्यंत कबूल केलं नसतं!

"मग?" मी म्हटलं. "बाटल्या क्रेटमध्ये भरू का टेबलावरच राहू देऊ?"

त्यांनी नाक पुसलं. "राहू दे," म्हणाले.

शनिवारी बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, मंडळातल्या साऱ्या काकू-मावश्या होत्या, आणि वन्संनी बाळाच्या कानात इतक्या जोरात कुर्रर्र केलं की बाळ दचकून त्यांच्याकडे बघतच राहिलं. नाव काय ठेवलं ते इथं सांगत नाही, लेकीची सक्त ताकीद आहे.

निघताना पाहुण्यांच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण आणि बाटली द्यायची होती. व्याही दारापाशी उभे राहिले, शेजारी वन्सं. प्रत्येकाला बाटली देताना ते एवढंच म्हणत होते, "खाली वाळू आहे. झाडाचीच आहे. उभी ठेवा, हलवू नका, हळू ओता." आणि वन्सं लगेच मराठीत जोडत होत्या, "मुळीच हलवू नका हं. सगळ्यांच्या वाटचं मी हलवून ठेवलंय."

एका काकूंनी बाटली डोळ्यांशी नेऊन पाहिली आणि विचारलं, "मग हा खालचा साका टाकायचा का?"

मी तोंड उघडणार तोच व्याही म्हणाले, "आमच्या घरात तो बेरीबरोबर खातात."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. बेरी हा शब्द त्यांनी इतका नीट उच्चारला होता, की मला माझ्या बशीची काळजी वाटली.

रविवारी ट्रक रिकामा परत निघाला, या खेपेस बऱ्याच वेगानं. विहीणबाईंची ती बाटली त्यांनी आमच्याच फडताळात ठेवली, बाळाच्या पहिल्या वाढदिवसासाठी. शर्टात न गुंडाळता. वन्सं फ्रिस्कोला जाण्यापूर्वी तिच्यापुढं उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागं धरून, आणि म्हणाल्या, "बसला हो सगळा खाली." शेजाऱ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. जावयानंच सांगितलं, शेजारी कढई न घेताच परत गेला, जाताना दोन बाटल्या तेवढ्या घेऊन गेला.

वाढदिवसाला ती बाटली बाळाच्या हातात दिली, तर बाळानं काय केलं असेल? हलवली. आत्याआजीचंच नाव चालवणार ती.

आणि परवा, बाहेर अजून बर्फ होता, तेव्हा व्याह्यांचा फोनवर फोटो आला. शुगरहाउसची ती खिडकी, काचेचा पेला, पेल्यामागे वर्तमानपत्राचा तुकडा. खाली लिहिलं होतं, नवी गाळणी आली. ड्रायरची वायर काढून ठेवली आहे. आजी, वाचता येतंय का?

मी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला, ह्यांनाही दाखवला. मथळ्याची मोठी अक्षरं दिसत होती. खालची बारीक काही दिसेनात. आता ती वाळू होती, की फोटो, की माझे डोळे, कोण जाणे. मी खरं ते कळवलं: मोठी दिसतात, बारीक नाही.

त्यांचं उत्तर लगेच आलं. "मलाही तेवढीच दिसतात. बाटल्या भरतो."